कार्ड टेकवा, प्रिंट घ्या : नाशिकमधल्या अंबडच्या ऑफिसातल्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२४, मंगळवार

ऑफिसातले प्रिंटर कार्डवर चालवायच्या कामाला मंजुरी मिळाली. आज लोकसभेचा निकाल, त्यामुळे सकाळपासून अख्खं ऑफिस मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं. साहेबांनी फाइल वाचून सही केली की नुसतीच केली, कळायला मार्ग नाही. सही आहे, तेवढं पुरे.

मूळ कारण एप्रिलमधलं. पगारवाढीचं एक पत्र पहिल्या मजल्यावरच्या मशीनच्या ट्रेमध्ये पडून राहिलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आकडा कॅन्टीनमध्ये पोचला. तेव्हापासून एचआरच्या मॅडम प्रिंट दिली की जवळजवळ पळत मशीन गाठतात. त्यांना स्वतःच्या टेबलावर वेगळा प्रिंटर हवा होता. तो दिला असता तर अकाउंट्सने मागितला असता, मग खरेदीने, आणि प्रत्येकाच्या कार्ट्रिजसाठी माझा फोन वाजला असता.

ठरलेलं काम : सहा मल्टिफंक्शन मशीन, दोन कंपन्यांची. सगळ्यांना मिळून एकच प्रिंट रांग. प्रिंट दिली की ती सर्व्हरवर थांबेल. माणूस ज्या मशीनपाशी जाऊन कार्ड टेकवेल तिथे बाहेर पडेल. झेरॉक्स आणि स्कॅनसाठीही आधी कार्ड. साहेबांची अट एकच, नवीन कार्डं छापायची नाहीत. गळ्यात आहे तेच हजेरीच्या पंचिंगचं कार्ड चालवायचं. सगळं काम या एका अटीपाशी अडणार असं दिसतंय.

११ जून, मंगळवार

प्रत्येक विभागातून नमुन्याची कार्डं मागवली. एचआरच्या यादीत सगळी ‘आयडी कार्ड’ या एकाच रकान्यात आहेत. हातात घेतल्यावर जाती दोन निघाल्या. जुन्या लोकांकडे जाड, पांढरं, वर दोरीसाठी चीर असलेलं कार्ड. अलीकडे लागलेल्यांकडे एटीएम कार्डाएवढं पातळ, फोटो छापलेलं. नव्या इमारतीत पंचिंग मशीन बदललं तेव्हा तिथली कार्डं बदलली. जुन्या गेटवरचं मशीन तसंच राहिलं, म्हणून त्याची कार्डंही राहिली.

पातळ कार्डाची जात ओळखायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. कार्ड उजेडासमोर धरलं की आतलं तांब्याचं वेटोळं दिसतं. गोल आणि भरपूर वेढ्यांचं असेल तर कार्ड १२५ किलोहर्ट्झ वारंवारितेवर चालणारं. कार्डाच्या कडेकडेने गेलेलं चौकोनी, मोजक्या वेढ्यांचं असेल तर १३.५६ मेगाहर्ट्झ. आमची पातळ कार्डं चौकोनी वेटोळ्याची निघाली, खरेदी विभागातलं एक सोडून. ते पातळ, पण आत गोल. त्यांना विचारलं तर म्हणाले, “माझं जुनं हरवलं होतं ना, तेव्हा सिक्युरिटीने त्याच्याकडचं दिलं.” म्हणजे जाडी बघून यादी करायची सोय नाही, प्रत्येक कार्ड रीडरवर टेकवावंच लागणार.

कार्डात बॅटरी नसते. रीडर आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करत असतो. वेटोळं त्यात आलं की चिपपुरती वीज निर्माण होते आणि चिप आपला क्रमांक सांगते. १२५ वाली साधी चिप तर समोर कोण आहे हे विचारतसुद्धा नाही. या मुद्द्याकडे नंतर यायचंय.

१३ जून, गुरुवार

एम. जी. रोडवरून चाचणीसाठी एक साधा यूएसबी रीडर आणला, फक्त १२५ किलोहर्ट्झचा. तो संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगतो. नोटपॅड उघडायचं, कार्ड ठेवायचं. टुक् असा आवाज येतो, दहा आकडे उमटतात आणि कर्सर खालच्या ओळीवर जातो, कारण आकड्यांमागोमाग रीडर एंटरही पाठवतो. ड्रायव्हर नाही, काही नाही.

आता गंमत. एका जाड कार्डाचं उदाहरण, आकडे बदलून :

कार्डावर छापलेलं : ०००७४३०२०१ आणि शेजारी ११३,२४६३३
रीडरने टाइप केलेलं : ०००७४३०२०१
पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये : ११३२४६३३

टाइम ऑफिसच्या काकांचं म्हणणं, “तीन नंबर म्हणजे तीन कार्डं असणार, तुम्ही नीट बघा.” कार्ड एकच आहे. ११३ हा साइट कोड, म्हणजे जागेचा क्रमांक, २४६३३ हा कार्डाचा क्रमांक. ११३ ला ६५,५३६ ने गुणलं की ७४,०५,५६८. त्यात २४,६३३ मिळवले की ७४,३०,२०१. काकांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितलं, मग पुन्हा एकदा केलं, आणि त्यांच्या वहीत लिहून ठेवलं.

६५,५३६ कुठून आला? पंचिंग मशीन आणि दरवाजाचे कंट्रोलर यांच्यात वायगंड नावाच्या, कार्डाचा क्रमांक पाठवायच्या पद्धतीची तार आहे, आणि तिचा सगळ्यात रुळलेला साचा २६ बिटांचा, म्हणजे २६ शून्य-एकांचा. पहिलं आणि शेवटचं बिट तपासणीसाठी, मधली आठ साइट कोडसाठी, सोळा कार्डासाठी. सोळा बिटांत ६५,५३६ संख्या बसतात. साइट कोड २५५ च्या पुढे जाऊच शकत नाही.

यातून एक भानगड निघाली. काही कार्डांवरची दहा आकडी संख्या १,६७,७७,२१५ पेक्षा मोठी आहे. चोवीस बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. तिच्या पुढच्या कार्डांचा वरचा भाग वायगंडच्या तारेतून पंचिंगपर्यंत पोचतच नाही, कापला जातो. पंचिंगला फरक पडत नाही, त्याला त्याचा उरलेला तुकडा पुरतो. प्रिंटरचा रीडर मात्र अख्खा क्रमांक वाचणार. या कार्डांचा हिशेब कागदावर करून उपयोग नाही, माणसाला बोलावून कार्ड टेकवून घ्यायचं.

१८ जून, मंगळवार

विक्रेत्याचा इंजिनीअर येऊन मशीन बघून गेला. हुशार मुलगा, पण प्रत्येक प्रश्नाला “होऊन जाईल सर” हे उत्तर. लिहून घेतलं तेव्हा जरा वेगळं चित्र दिसलं.

रीडर दोन्ही वारंवारितांचा हवा. असे रीडर आरएफ आयडियाज, इलाटेक वगैरे कंपन्या बनवतात. एम. जी. रोडवाल्या रीडरच्या कित्येक पट किंमत, त्याला इलाज नाही. रीडरवर कोणत्या जातीचं कार्ड कुठल्या रूपात पाठवायचं ते आधी संगणकाला जोडून ठरवून ठेवता येतं. मग तो मशीनला लावायचा. पण मशीनने तो स्वीकारला पाहिजे. एका कंपनीची मशीन कुठलाही कीबोर्डछाप रीडर घेतात. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला आपल्या यादीतलाच रीडर लागतो, तो यूएसबी ओळख क्रमांकावरून ओळखतात, आणि पॅनलवर लॉगिनचं ॲप चालवायला वेगळं लायसन्स.

क्वालिटीमधलं मशीन सगळ्यात जुनं. त्यावर ॲपच चढत नाही. त्याला पॅनलवर पिन टाकायची सोय देऊ, बदलायची वेळ आली की कार्डवालं घेऊ. एका मशीनसाठी बाहेरून कार्ड वाचणारा डबा लावायचा खर्च परवडत नाही.

डिस्पॅचवरून बराच वाद. माल निघताना टॅक्स इन्व्हॉइस तीन प्रतींत लागतं : मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याला. सोबत ई-वे बिल. ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर खिडकीशी, आणि आत कुणाचं कार्ड घरी राहिलेलं, हे चालणार नाही. विक्रेत्याचा आग्रह होता की सगळंच कार्डवर घ्या. मी नाही म्हणालो. इन्व्हॉइसचा छोटा लेझर प्रिंटर आहे तसा राहील, थेट. डिस्पॅचच्या मोठ्या मशीनला मात्र कार्ड. इन्व्हॉइसच्या कागदाचं गुपित काय आहे? तो तर जिल्ह्याबाहेर चाललाय.

२४ जून, सोमवार

दिवस एक्सेलमध्ये गेला.

एचआरने कार्ड क्रमांकांची फाइल पाठवली. एक्सेलने सवयीप्रमाणे सुरुवातीची शून्यं खाल्ली होती. ०००७४३०२०१ चं ७४३०२०१. हे भरून काढता येतं, दहा आकडे पुरे होईपर्यंत शून्यं लावायची. पातळ कार्डांचं दुखणं मोठं. त्यातल्या काहींचा ओळख क्रमांक चार बाइटचा, काहींचा सात बाइटचा (आठ बिटांची एक बाइट). सात बाइटची संख्या दशमानात सतरा आकड्यांपर्यंत जाते आणि एक्सेल पंधराच्या पुढचे आकडे जपतच नाही, तिथे मुकाट शून्य लिहितं. त्या यादीत दोन वेगळ्या माणसांचा क्रमांक तंतोतंत एक झालेला सापडला, शेवटी दोन शून्यं. हे आकडे परत मिळणार नाहीत. नवीन यादी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून, असं एचआरला लेखी कळवलं.

क्रमांक ठेवायचा कुठे, हाही प्रश्न होता. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसच्या संगणक खात्यांच्या यादीत, प्रत्येक माणसाच्या नोंदीत ‘पेजर’ नावाचा रकाना अजून आहे. पेजर कुणी पाहिलाय आता? पण रकाना रिकामा, तयार, आणि प्रिंटचं सॉफ्टवेअर तो वाचू शकतं. जगभर बरेच ॲडमिन कार्ड क्रमांकासाठी तोच वापरतात. आम्हीही.

२ जुलै, मंगळवार

डिझाइन विभागात पहिलं मशीन लागलं. जाड कार्डं पहिल्या फटक्यात चालली. पातळ कार्डाला पॅनलवर उत्तर आलं, “अनोळखी कार्ड”. दुसरं टेकवलं, तेच. सगळ्या पातळ कार्डांचं तेच.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींत, बघितलं. एका कार्डाच्या चार बाइट षोडशमानात (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) २३ ९१ ५७ ४८. यादीत क्रमांक होता ५९६७२७६२४, मशीनकडून आला ४८५७९१२३, म्हणजे दशमानात १२१३६९८३३९. दोन्ही बरोबरच आहेत. पहिला २३ कडून वाचलेला, दुसरा ४८ कडून. नव्या पंचिंगचा रीडर बाइट एका टोकाने वाचतो, आपला रीडर दुसऱ्या टोकाने. मारुतीच्या देवळात एकाने डावीकडून आणि दुसऱ्याने उजवीकडून दिवे मोजावेत आणि तिसऱ्या दिव्याचं नाव विचारल्यावर भांडावं, तसली गत.

दुरुस्ती दोन ठिकाणी होऊ शकते, रीडरमध्ये उलटा क्रम लावायचा किंवा सर्व्हरवर येणाऱ्या क्रमांकाचं रूपांतर करायचं. इंजिनीअर रीडर बदलायला निघाला होता. थांबवलं. उद्या एखादा रीडर मेला आणि कुणीतरी बॉक्समधून काढून नवा लावला, तर ही सेटिंग कुणाच्या लक्षात राहणार? रूपांतर सर्व्हरवर ठेवलं, एका ठिकाणी. रीडर कारखान्यातून येतो तसाच चालला पाहिजे.

एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो : रूपांतराचा नियम फक्त १३.५६ च्या कार्डांना लागला पाहिजे. सगळ्यांना लावला तर जाड कार्डं बंद पडतील. रीडरवर जातीनुसार पुढे एक अक्षर जोडायची सोय आहे. पण ती वापरली तर पुन्हा रीडर खास होतो. शेवटी लांबीवर नियम लावला. जाड कार्डाचे शून्यांसकट दहा आकडे, पातळ कार्ड षोडशमानात आठ किंवा चौदा अक्षरं. रीडर पातळ कार्ड षोडशमानातच पाठवतो, ही त्याची मूळची सवय निघाली, त्यामुळे जमलं.

९ जुलै, मंगळवार

डिझाइनमधून तक्रार : सकाळी कार्ड लागत नाही, दुपारी लागतं. मशीन गाढ झोपेत गेलं की यूएसबीची वीजही तोडत होतं; रीडरचा दिवा विझलेला. कुणीतरी पॅनलला हात लावला की सगळं जागं व्हायचं, म्हणून दुपारी चालायचं. वीज बचतीची पातळी एक पायरी खाली आणली. वीज थोडी जास्त जाईल, पण नवीन व्यवस्थेवरचा पहिल्या आठवड्यातला विश्वास त्याहून महाग.

शिवाय रीडर मशीनच्या पत्र्यावर थेट चिकटवला होता. धातूमुळे चुंबकीय क्षेत्र दबतं, कार्ड अगदी टेकवूनच धरावं लागत होतं. पुढच्या मशीनवर प्लास्टिकच्या भागावर लावायचा, किंवा खाली जाड फोमची पट्टी.

११ जुलै, गुरुवार

विभागप्रमुख आणि कामगार प्रतिनिधी यांच्यासोबत बैठक. तांत्रिक प्रश्न एकच आला, बाकी सगळे विश्वासाचे.

प्रतिनिधींनी सरळ विचारलं, “आता कोण किती वेळ प्रिंटरपाशी उभं राहिलं ते मोजणार का?” मोजता येईल, हे कबूल केलं. कोण, कधी, कुठल्या मशीनवर, किती पानं, रंगीत की काळी, हे सगळं नोंदलं जातं. आणि एक गोष्ट त्यांनी विचारली नव्हती ती मी आपणहून सांगितली, कारण ती नंतर कळली असती तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता : फाइलचं नावही नोंदलं जातं. ‘राजीनामा फायनल २’ या नावाची फाइल कुणी छापली तर ते नाव अहवालात दिसेल. एक क्षण सगळे गप्प. मग हशा. मग पुन्हा गप्प.

ठरलं असं. विभागप्रमुखांना फक्त पानांची बेरीज जाईल. फाइलचं नाव अहवालात नाही. माणसानुसार तपशील फक्त एचआरच्या लेखी मागणीवर. हा डेटा हजेरीसाठी वापरायचा नाही. नोंदी ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसल्या जातील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेत मंजूर झालेला होता, त्याचे नियम तोवर आलेले नव्हते. ते येईपर्यंत थांबायची गरज नव्हती, आणि प्रतिनिधींनाही कायद्यापेक्षा साहेबांची सही जास्त महत्त्वाची वाटली. मिळाली.

१९ जुलै, शुक्रवार

क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटने जगभरातले विंडोज संगणक निळे पडले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही. तरी दुपारी साहेबांचा फोन : “आपला प्रिंटचा सर्व्हर असा पडला तर?” योग्य प्रश्न. उत्तर : पहिल्या मजल्यावरच्या एका मशीनवर थेट छपाईची पर्यायी रांग करून ठेवलीय, एरवी बंद. ती चालू करायचं काम टाइम ऑफिसच्या काकांना शिकवलंय, माझ्यावाचून अडू नये म्हणून.

याच ओघात सर्व्हरचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून दिसत नाही ना, हे तपासलं. दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पेपरकट या प्रिंटच्या सॉफ्टवेअरमधल्या, सीव्हीई-२०२३-२७३५० क्रमांकाने नोंदलेल्या त्रुटीचा हल्लेखोर सर्रास वापर करत होते. गांभीर्य दहापैकी ९.८, पासवर्ड न टाकता सर्व्हरचा ताबा. दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती लावली नव्हती आणि सर्व्हर बाहेर उघडा ठेवला होता, ते सापडले. प्रिंटचा सर्व्हर म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत.

२३ जुलै, मंगळवार

अकाउंट्स आणि एचआरचं मशीन सुरू. दुपारी अकाउंट्समधून बोलावणं. एका ज्येष्ठांचं कार्ड कधी चालतं, कधी नाही. ते पाकीट तसंच्या तसं रीडरवर टेकवत होते. पाकिटात आमचं कार्ड आणि बँकेचं टॅप करायचं डेबिट कार्ड. दोन्ही १३.५६ ची. रीडरला त्या क्षणी जे सापडेल ते तो वाचतो. बँकेचं वाचलं गेलं तेव्हा पॅनलने विचारलं, “हे कार्ड अनोळखी आहे, तुमच्या खात्याला जोडायचं?” त्यांनी भक्तिभावाने नाव आणि पासवर्ड टाकला. आता ते डेबिट कार्ड दाखवून आमच्याकडे झेरॉक्स काढू शकतात.

पैशाला धोका नाही. रीडर फक्त बाहेरचा ओळख क्रमांक वाचतो, खात्याचा नाही. तरी नको. स्वतः कार्ड जोडायची सोय बंद केली, कार्ड आता फक्त टाइम ऑफिसमधून जोडलं जाईल. त्यांना म्हटलं, “काका, कार्ड पाकिटातून काढून टेकवा.” तर म्हणाले, “मग कार्डाचा फायदा काय?”

तिथेच एका मुलीने विचारलं की फोनने का नाही होत. बरेच अँड्रॉइड फोन रीडरसमोर दर वेळी नवा, यादृच्छिक क्रमांक देतात, म्हणून साध्या पद्धतीने नाही. त्यासाठी वेगळं ॲप आणि वेगळा खर्च.

खरेदीच्या मशीनवर मात्र पळवाट सापडली. दोघांनी आपल्या संगणकावर मशीनचा आयपी पत्ता टाकून थेट प्रिंटर जोडला होता, ९१०० पोर्टवरून, म्हणजे मशीनच्या थेट छपाईच्या दारातून. रांग नाही, कार्ड नाही, छपाई चालू. पीसीवर प्रिंटरचा नवा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार लागतात, २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर या विंडोजच्या छपाईतल्या त्रुटीनंतर मायक्रोसॉफ्टने तो नियम आणलाच आहे. पण ड्रायव्हर आधीपासून असेल तर कोण अडवतो? मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये फक्त सर्व्हरच्या पत्त्याला परवानगी ठेवली. सहाही मशीनवर. हे पहिल्या दिवशीच करायच्या गोष्टींत लिहून ठेवलंय.

३० जुलै, मंगळवार

पाऊस लागून राहिलाय. स्टोअरमध्ये कागद दमट होऊन अडकतोय आणि दोष कार्डाला. “कार्ड लावल्यापासून जॅम होतंय.” उघडी रिमं बंद कपाटात ठेवायला लावली, जॅम थांबले. कार्डाची बदनामी थोडी उशिरा थांबेल.

स्टोअरमध्येच दुसरं दृश्य. मशीनच्या शेजारी खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला एक जाड कार्ड. कुणाचं? “सगळ्यांचं.” नोकरी सोडून गेलेल्या एकाचं कार्ड परत घेतलं होतं ते इथे टांगलेलं. हेल्परांना कार्डच दिलेलं नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्या अडचणीत तथ्य आहे. खिळ्यावरचं कार्ड काढलं, स्टोअरच्या नावाने वेगळं खातं केलं, त्यावर फक्त झेरॉक्स, तेही काळीपांढरी, स्कॅन आणि प्रिंट बंद. त्या खात्याचं कार्ड खिळ्यावर राहू दे.

सोडून गेलेल्याचं कार्ड चालू होतं, हे जास्त गंभीर.

६ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांना ११ जूनच्या नोंदीतलं राहिलेलं दाखवलं. माझं स्वतःचं जाड कार्ड, एक छोटं कॉपी यंत्र, आणि टी५५७७ या हवा तो क्रमांक लिहिता येणाऱ्या चिपचं कोरं कार्ड. कार्ड ठेवलं, बटण दाबलं, कोरं ठेवलं, दुसरं बटण दाबलं. नवं कार्ड घेऊन मशीनपाशी गेलो आणि पॅनलवर माझं नाव आलं. साहेब म्हणाले, “म्हणजे गेटचंही?” गेटचंही.

पातळ कार्डं मायफेअर क्लासिक या चिपची आहेत. त्यातलं क्रिप्टो-१ कूटलेखन २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोडून दाखवलं. चिप बनवणाऱ्या एनएक्सपीने शोधनिबंध रोखायला कोर्टात धाव घेतली, कोर्टाने प्रकाशनाला परवानगी दिली. आपल्या बाबतीत तो वाद गैरलागूच, कारण प्रिंटरचा रीडर कूटलेखनापर्यंत जातच नाही. तो सुरुवातीचा उघडा ओळख क्रमांक वाचून थांबतो.

मग कार्डाचा उपयोग काय? ट्रेमध्ये पत्र पडून राहत नाही. नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या माणसांत एवढं पुरतं. ज्या कागदासाठी पुरत नाही त्यासाठी कार्डासोबत चार आकडी पिन लावली : एचआर, अकाउंट्स, आणि साहेबांचं खातं. सगळ्या ऑफिसला पिन लावायचा प्रस्ताव आला होता, तो मी मागे घ्यायला लावला. दोन पावलांची कटकट सगळ्यांना दिली की आठवड्याभरात पिन मशीनवर चिकटवलेल्या दिसतील. पुढच्या वर्षी कार्डं बदलायची ठरलीच तर डेसफायर ही जास्त सुरक्षित जात घेऊ, आणि क्रमांक सुरक्षित भागातून वाचू. रीडर ते करू शकतात, त्यांत कूटलेखनाच्या किल्ल्या भराव्या लागतील. पंचिंगचं मशीनही ते वाचणारं हवं, नाहीतर पुन्हा दोन जाती.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

क्वालिटीच्या मॅडमचा सकाळी नऊला फोन, आवाज चढलेला. बुधवारी संध्याकाळी त्यांनी ऑडिटची कागदपत्रं प्रिंटला टाकून ठेवली होती, आज सकाळी येऊन घेऊ म्हणून. काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. न घेतलेली प्रिंट चोवीस तासांनी पुसायचा नियम होता, विक्रेत्याने सुचवलेला. पुसली गेली. आपली साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळच्या प्रिंटचंही हेच होत असणार; लोक गपचूप पुन्हा देत असतील. मुदत बहात्तर तास केली. सर्व्हरवर जागा भरपूर आहे.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल श्रावणातला तिसरा सोमवार, निम्मं ऑफिस ब्रह्मगिरीच्या फेरीला, उरलेलं त्र्यंबक रोडच्या वाहतुकीत. रिकाम्या ऑफिसात सगळ्या रीडरची सेटिंग तपासून घेतली, एकेकाचा क्रमांक रजिस्टरमध्ये.

पानांचा हिशेब साहेबांनी मागितला, कागद किती वाचला म्हणून. न घेता पुसल्या गेलेल्या प्रिंटचा आकडा दिला. पण त्यात सुट्टीमुळे पुसल्या गेलेल्याही आहेत हे स्पष्ट लिहिलं, आणि आधीच्या महिन्यांची मोजणीच नव्हती, तेव्हा ‘इतके टक्के बचत’ असं वाक्य मी लिहिणार नाही, हेही. विक्रेत्याच्या प्रेझेंटेशनमध्ये ते वाक्य आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

राहिलेलं एकच मोठं काम, सोडून जाणाऱ्यांचं कार्ड. एचआर शेवटच्या दिवशी पंचिंगमधून नाव काढतं, डिरेक्टरीतलं खातं मला ईमेल आल्यावर बंद होतं, आणि तो ईमेल कधी त्याच दिवशी येतो, कधी पुढच्या महिन्यात. आजपासून नो-ड्यूज फॉर्मवर कार्डाची वेगळी ओळ आहे. टाइम ऑफिसचे काका कार्ड घेतात, रीडरवर टेकवतात, आलेला क्रमांक फॉर्मवर लिहितात. तो क्रमांक पेजरच्या रकान्यातून पुसल्याशिवाय माझी सही नाही, आणि माझ्या सहीशिवाय अकाउंट्स हिशेब चुकता करत नाही.

पहिला फॉर्म दुपारीच आला. काकांनी कार्डावर छापलेला, रीडरवर आलेला आणि पंचिंगमधला, असे तिन्ही क्रमांक लिहिले होते. खाली ६५,५३६ चा गुणाकारही करून दाखवला होता.